पाचशे पट्ट्या

मी झाडीपट्टीच्या नाटकांतला खलनायक. नाव श्रावण बावणथडे. बावीस हंगाम झाले, दिवाळी सरली की माझे सूड सुरू होतात आणि होळीला थांबतात. कधी सख्ख्या भावाचं शेत बळकावतो, कधी सुनेला घराबाहेर काढतो, कधी हिरोच्या बापाच्या दुधात विष कालवतो. माझं एक हसणं आहे. ते पोटातून उठतं, छातीत घुमतं आणि मंडपाच्या शेवटच्या माणसापर्यंत जातं. आरमोरीपासून चामोर्शीपर्यंत त्या हसण्यानं लेकरं आईच्या पदरात तोंड लपवतात. लग्नाला जेवायला गेलो तरी लोक म्हणतात, श्रावणभाऊ, एकदा हासून दाखवा ना जी. मी दाखवतो. माझ्यापाशी दुसरं आहे काय?

सांगायचं इतकंच की सूड हा माझा धंदा आहे आणि त्यातलं मला कळतं. रंगमंचावरच्या सुडाला लाल दिवा लागतो, ऑर्गनवाल्यानं खालचे सूर दाबून धरावे लागतात, हिरोइनला वेळेवर किंचाळावं लागतं. खरा सूड मात्र मी एकदाच पाहिला. वडशातल्या एका दुकानात एक बाई प्लास्टिकच्या खुर्चीवर, मांडीवर हात ठेवून दिवसभर बसून राहिली, एवढाच तो सूड. तिचं नाव प्रेमिला दिघोरे.

प्रेमिला नदीपलीकडच्या ढिवरांच्या वस्तीतली. बाप सोमाजी वैनगंगेत जाळं टाकायचा. आई वडशाच्या बाजारात मासोळ्या विकायची आणि पोरगी तिच्या शेजारी बसून खडूनं फरशीवर अक्षरं काढायची. अक्षर असं की बाजारातले दुकानदार तिच्याकडून भावाच्या पाट्या लिहून घेत. लग्न चामोर्शीकडं झालं. दीड वर्षात ती परत आली. का आली ते तिनं सांगितलं नाही आणि सोमाजीनं विचारलं नाही. आल्यावर आठ दिवसांत तिनं कॉम्प्युटरचा क्लास लावला, रोज पूल ओलांडून सायकलनं वडशाला येऊ लागली. क्लास संपला त्याच महिन्यात ती गुणवंतरावांच्या दुकानात कामाला लागली आणि नऊ वर्षं तिथंच राहिली.

गुणवंतरावांचं दुकान म्हणजे ‘गुणवंत डिजिटल’. उन्हाळ्यात लग्नपत्रिका, पावसाळ्यात वाढदिवसाचे फलक आणि हिवाळ्यात नाटकांची पोस्टरं. बाहेरच्या माणसाला पोस्टरचं महत्त्व कळायचं नाही. हंगामात वडशात कंपन्यांची ऑफिसं ओळीनं उघडतात, गावोगावची मंडळं मंडईच्या जत्रेसाठी, शंकरपटाच्या बैलशर्यतीसाठी नाटक ठरवायला येतात आणि आधी पोस्टर पाहतात. कोणाचा फोटो वर, कोणाचं नाव जाड, यावरून आमच्याकडं कंपन्या फुटल्या आहेत, सोयरिकी मोडल्या आहेत. हिरो मधोमध, लेडी म्हणजे हिरोइन त्याच्या बाजूला, कॉमेडीवाला सगळ्यांत मोठा, आणि खलनायक खाली डाव्या कोपऱ्यात, एक भुवई वर करून. फोटोखाली नाव. एका वर्षी जागा पुरली नाही म्हणून गुणवंतरावांनी माझा डावा कान कापून तिथं केसांच्या तेलाची जाहिरात घातली होती. चंद्रपूरपर्यंत मी एका कानाचा फिरलो. ते मी अजून विसरलेलो नाही, आणि विसरणारही नाही.

तर ही सगळी पोस्टरं प्रेमिला करायची. फोटो कापणं, रंग भरणं, नाटकाचं नाव आगीत पेटल्यासारखं दिसेल असं लिहिणं, सगळं तिचं. आणि खाली उजव्या कोपऱ्यात बारीक अक्षरांत छापलेलं असायचं, ‘मांडणी: अजय’. अजय म्हणजे गुणवंतरावांचा मुलगा. त्याला मांडी घालता यायची, मांडणी नाही. पगारावरून प्रेमिला कधी बोलली नाही. तिला एकच गोष्ट हवी होती, त्या कोपऱ्यात आपलं नाव. दर हंगामात विचारायची. गुणवंतराव म्हणायचे, ‘पुढच्या हंगामात पाहू.’ असं पाहू पाहू करत नऊ हंगाम गेले, आणि नवव्याच्या शेवटी तिनं न विचारता नाव टाकून दिलं. डासाएवढं. ‘मांडणी: प्रेमिला दिघोरे’.

ते पोस्टर आमच्याच कंपनीचं होतं. पाचशे प्रती छापून झाल्या होत्या. आमचे मालक भैयाजी पोस्टरं न्यायला आले होते, मी होतो, आणखी दहा-बारा नाटकवाले चहा पीत बसले होते. गुणवंतरावांनी चष्मा लावून पोस्टर हातात घेतलं आणि त्यांचा चेहरा बदलला.

‘हे कोनाले इचारून टाकलं?’

‘काम मायं आहे, भाऊ,’ प्रेमिला म्हणाली. ‘नाव बी मायंच पाह्यजे.’

‘ढिवराची पोट्टी तू. जाळं विनाचं सोडून पोस्टरवर नाव पाह्यजे तुले?’ त्यांनी कागदाचा गठ्ठा आणि कैची तिच्या पायाशी फेकली. ‘बस इथी खाली. पाचशे पट्ट्या काप आन् तुयाच हातानं तुयं नाव झाक. एक बी सुटली नाई पाह्यजे.’

ती बसली. आमच्या चपलांच्या मधोमध, फरशीवर. एक पट्टी कापायची, गोंद लावायचा, आपल्या नावावर दाबायची. आम्ही सगळे मिठाची गुळणी धरून चहा पीत राहिलो. मग कोणीतरी हसलं, आणि एक हसला म्हणताना सगळेच हसले. तिनं मान वर करून पाहिलं आणि परत खाली घातली. पाचशे झाल्यावर उठली, डबा घेतला, सायकल काढली आणि गेली. त्या दुकानात परत आली नाही.

त्या हंगामात एक मजा झाली. गावोगावच्या भिंतींवर पोस्टरं लागली, पहाटे दव पडलं आणि पट्ट्या गळून पडल्या. जिथं तिथं कोपऱ्यात ‘प्रेमिला दिघोरे’. गुणवंतरावांनी गोंदवाल्याला शिव्या घातल्या. आम्हालाही वाटलं, गोंदच पातळ असेल.

प्रेमिलानं मग बस स्टँडजवळ टिनाच्या छपराची एक खोली घेतली आणि जुना कॉम्प्युटर आणून लोकांचे ऑनलाइन अर्ज भरायला लागली. सातबारा, जातीचे दाखले, पोरांच्या परीक्षा. ते यंत्र जुनं, त्यात विंडोज सेव्हन. पहिल्याच पावसाळ्यात त्यात काहीतरी शिरलं आणि सगळं पुसून विंडोज पुन्हा टाकावं लागलं. विंडोज तासाभरात चढलं. पण त्याच्या मागची अपडेट काही येईनात. पडद्यावर ‘चेकिंग फॉर अपडेट्स’ आणि एक हिरवी रेघ. ती डावीकडून निघायची, उजवीकडं जायची आणि परत डावीकडून निघायची. तीन दिवस दुकान बंद. मशीन इतकं जड झालं की एक अक्षर टाइप केलं तर चहा पिऊन होईपर्यंत उमटायचं नाही.

सोमाजी डबा घेऊन यायचा आणि तिच्या शेजारी बसून ती रेघ पाहायचा. तिसऱ्या दिवशी म्हणाला, ‘बाई, जाळं अडकलं का म्या ओढत नाई. ओढलं का फाटते. पान्यात उतरतो आन् कुठी अडकलं ते हातानं पाह्यतो.’

प्रेमिला पाण्यात उतरली. शेजारच्या दुकानातल्या इंटरनेटवर बसून, शब्दकोश मांडीवर घेऊन, जगभरातल्या वैतागलेल्या लोकांनी काय काय लिहिलंय ते तिनं वाचून काढलं. निघालं असं, की हे जुनं विंडोज नवं टाकलं की वर्षानुवर्षांचं सगळं एकदम शोधायला जातं आणि त्या शोधातच गुदमरतं. त्यावर उपाय होता. आधी नेट तोडायचं. शोध बंद करायचा. मग ठरावीक दोन-तीन लहान फायली आपल्या हातानं, ठरावीक क्रमानं बसवायच्या. मशीन बंद करून चालू करायचं, आणि मगच नेट जोडायचं. तीन दिवसांचं काम अर्ध्या-पाऊण तासात. तिनं तो क्रम वहीत लिहिला, फायली पेन ड्राइव्हवर घेतल्या आणि पेन ड्राइव्हला बापाच्या जाळ्याची दोरी बांधून गळ्यात घातला. तालुक्यातली निम्मी जुनी मशीनं मग तिच्याच हातून सुरू झाली.

आता दोन हजार अठराचा हंगाम. गुणवंतरावांच्या दुकानात अजयला हुशारी सुचली. त्यानं दिवाळीच्या सुट्टीत दुकानातल्या मशीनवर नवंकोरं विंडोज टाकलं. करायला गेला गणपती आणि झाला मारुती. पोस्टरांचे सगळे मराठी टाइप एका जुन्या सॉफ्टवेअरमध्ये होते आणि ते नव्या विंडोजवर उघडायला तयार नव्हतं. हिरोच्या नावाच्या जागी नुसते चौकोन. लेडीच्या जागी प्रश्नचिन्हं. माझ्या नावाचं काय झालं होतं ते मी सांगत नाही. चंद्रपूरहून एक उंटावरचा शहाणा आला, त्यानं सगळं पुसून परत विंडोज सेव्हन टाकलं, म्हणाला, ‘आता फक्त अपडेट होऊ द्या, मग तुमचं छपाईचं मशीन हे ओळखेल,’ आणि गाडी पकडून गेला.

अपडेट होईनात. तीच हिरवी रेघ. गुणवंतराव म्हणजे पी हळद आणि हो गोरी अशा स्वभावाचे. दर तासाला मशीनला चापट मारायचे, बंद करायचे, चालू करायचे. दोन दिवस गेले. अकरा कंपन्यांची पोस्टरं अडकली. आमचा पहिला प्रयोग शनिवारी मूल तालुक्यातल्या एका गावात आणि बुधवार उजाडला तरी एक कागद छापलेला नाही. भैयाजींच्या कपाळावर घाम.

गुणवंतरावांनी अजयला प्रेमिलाकडं पाठवलं. ती म्हणाली, आज वेळ नाही. मग त्यांनी भैयाजींच्या पाया पडायचं तेवढं बाकी ठेवलं. भैयाजींनी मला सोबत घेतलं आणि मी उड्या मारत गेलो. माझ्या कानाचा हिशेब चुकता होणार होता, तोही दुसऱ्याच्या हातानं. अशी संधी नाटकातसुद्धा मिळत नाही.

प्रेमिला एका म्हातारीचा पेन्शनचा अर्ज भरत होती. तो पूर्ण होईपर्यंत तिनं आम्हाला उभं ठेवलं.

‘येईन,’ ती म्हणाली. ‘पन कोपऱ्यात मायं नाव. रस्त्याच्या त्या अंगानं वाचाले येईन येवढं.’

‘कबूल,’ भैयाजी म्हणाले. ‘गुनवंतरावाच्या वतीनं म्या सांगतो.’

‘दुसरी अट तिथी आल्यावर सांगीन.’ मग तिनं माझ्याकडं पाहिलं. ‘श्रावनभाऊ, तुमी बी असान ना तिथी?’

‘असीन म्हंजे? पाह्यलेच येईन!’ मी म्हणालो.

गुरुवारी सकाळी दहाला ती आली. मी नवालाच येऊन चांगली जागा धरून ठेवली होती. कॉमेडीवाल्याला फोन करून बोलावलं होतं. अजून दोन-तीन कंपन्यांचे लोक आले, चहा आला. प्रेमिला मशीनसमोर खुर्चीवर बसली, रेघेकडं पाहिलं.

‘हे कोनी बंद करून चालू केलतं का?’

‘रात्रीपासून चारदा,’ अजय म्हणाला.

‘मंग चारदा पह्यलेपासून सुरू झालं. आता कोनी हात लावाचा नाई.’ असं म्हणून तिनं हात मांडीवर ठेवले.

आणि बसली. पेन ड्राइव्ह गळ्यात होता, पदराच्या आत. दोरी मला दिसत होती. त्या पेन ड्राइव्हची कीर्ती मी ऐकून होतो, म्हणून मी आपलं ओठ दाबून बसलो. अकरा वाजले. साडेअकरा वाजले. गिऱ्हाइकं यायची आणि विचारायची, काय झालं जी? लोकांनी प्रेमिलाला विचारलं की ती बोट दाखवायची. ‘मले काऊन इचारता? दुकान त्याहीचं आहे.’ मग गुणवंतराव सांगायचे, ‘अपडेट सुरू आहे.’ हे वाक्य त्यांनी दुपारपर्यंत तीस-चाळीस वेळा म्हटलं असेल. पहिल्यांदा रागानं, मग कंटाळून, मग एखाद्या आजाऱ्याची तब्येत सांगावी तसं हळू आवाजात. ब्रह्मपुरीची एक कंपनी आपले फोटो घेऊन उठून गेली. मग आणखी एक गेली. जाताना कोणी काही बोललं नाही, पण गुणवंतरावांच्या मानेवरची शीर मला मोजता येत होती. मला फार बरं वाटत होतं. खोटं कशाला बोलू, माझा कान जागच्या जागी उगवल्यासारखं वाटत होतं.

‘बाई, किती टाइम लागते अजून?’ गुणवंतरावांनी विचारलं. इतक्या वर्षांत तिला ते ‘बाई’ पहिल्यांदा म्हणाले.

‘त्याचा टाइम तेच जाने,’ प्रेमिला म्हणाली. ‘रिकामे बसले आहा तं कैची घ्या, गुनवंतभाऊ. कागदाच्या पाचशे पट्ट्या लागतीन.’

गुणवंतरावांनी चष्मा काढून तिच्याकडं पाहिलं.

‘कायले?’

‘दुसरी अट तेच आहे.’

गुणवंतरावांनी भैयाजींकडं पाहिलं. भैयाजींनी घड्याळाकडं पाहिलं. अजय कैची घ्यायला पुढं झाला तर प्रेमिलानं नुसती नकाराची मान हलवली. मग वडशातल्या नामांकित ‘गुणवंत डिजिटल’चे मालक कैची घेऊन बसले आणि पट्ट्या कापायला लागले. पहिली पट्टी तिनं हातात घेऊन पाहिली. ‘येवढी रुंद नाई. एका नावापुरती करा.’ त्यांनी अरुंद केली.

आता मला राहवलं नाही. मी हसलो. तेच माझं हसणं, पोटातून, घुमवून. कॉमेडीवाला हसला, दारातले लोक हसले, रस्त्यावरचा एक ट्रॅक्टरवाला थांबून पाहू लागला. फक्त प्रेमिला हसली नाही. तिनं माझ्याकडं नीट पाहिलं आणि म्हणाली, ‘हेच हासनं.’

मला वाटलं, कौतुक केलं. मी हात जोडले.

तीन वाजायला आले. पाचशे पट्ट्यांचा ढीग टेबलावर जमला. गुणवंतरावांच्या अंगठ्याला कैचीचा वळ पडला होता. प्रेमिलानं ढीग आपल्याकडं ओढला, व्यवस्थित रचला, मग पदराखालून दोरी काढली आणि पेन ड्राइव्ह मशीनला लावला. नेटची वायर काढली. कुठं काहीतरी बंद केलं, एक फाइल बसवली, मशीन बंद-चालू केलं, दुसरी बसवली, पुन्हा तेच. वायर जोडली. हिरवी रेघ निघाली, आणि दहा मिनिटांत यादी समोर आली. आणखी अर्ध्या तासानं छपाईच्या मशीननं घुर्र केलं आणि ते ओळख पटल्यासारखं जागं झालं.

गुणवंतराव तिच्या गळ्यातल्या दोरीकडं बघत होते.

‘हे सकाळपासून तुयापाशी होतं?’

‘होतं ना.’

‘मंग पाच घंटे काऊन बसवलं मले?’

‘नऊ वर्सं बसली मी,’ प्रेमिला म्हणाली. ‘तुमाले पाच घंटे जड झाले?’

दुकान खूश होतं. जशास तसं म्हणतात ते हेच. मी मनात म्हणत होतो, वा प्रेमिला, काय वठवलंस! आता त्या पट्ट्या दुकानाच्या नावावर बसणार आणि मूलपासून सिरोंच्यापर्यंत ‘गुणवंत डिजिटल’ झाकलं जाणार.

तिनं आमचं पोस्टर मांडलं. तासाभरात. हिरो मधोमध, कॉमेडीवाला सगळ्यांत मोठा, माझे दोन्ही कान शाबूत. उजव्या कोपऱ्यात, खरोखर रस्त्याच्या त्या अंगाहून वाचता येईल अशा अक्षरांत, ‘मांडणी: प्रेमिला सोमाजी दिघोरे’. ते छापून बाहेर आलं तेव्हा तिनं पहिली प्रत हातात घेतली आणि त्या कोपऱ्यावरून अंगठा फिरवला. शाई ओली होती, थोडी बोटाला लागली. तिनं ती पुसली नाही.

पाचशे प्रती होईपर्यंत दिवे लागले. बाहेर भैयाजींच्या दोन गाड्या उभ्या, पोस्टरं चिकटवणारी पोरं घेऊन.

‘झाक आता मायं नाव,’ गुणवंतराव म्हणाले. त्यांचा आवाज पार बसला होता.

‘तुमचं दुकान आहे, भाऊ. तुमचं नाव राहू द्या,’ प्रेमिला म्हणाली. तिनं एक पट्टी उचलली, पहिल्या पोस्टरवर खाली डाव्या कोपऱ्यात ठेवली आणि मोजून पाहिली. ती माझ्या नावावर बरोबर बसत होती. ना एक रेघ जास्त, ना एक कमी.

मला आधी वाटलं, चुकली. मग तिनं माझ्याकडं पाहिलं आणि चोराच्या मनात चांदणं म्हणतात तसं झालं. मघाशी मी लिहिलं की त्या दिवशी कोणीतरी हसलं. तो कोणीतरी मी होतो. ती फरशीवर बसून पहिली पट्टी दाबत होती, दुकान गप्प होतं, कोणालाच बरं वाटत नव्हतं, आणि गप्प बसलेला मंडप मला सहन होत नाही. मी म्हणालो, ‘जाळं टाकाले गेली आन् मासोळी सोताच गावली!’ आणि माझं हसणं हसलो. पोटातून, घुमवून. बाकीचे माझ्यामागून हसले.

‘गुनवंतभाऊ रागावले, त्याचं मले येवढं नाई लागलं,’ प्रेमिला म्हणाली. ‘मालक आहे, रागावतेच. पन तुमी कोन होते जी? तुमाले कोनी हासाचे पैसे देल्ले होते?’

मी पोस्टरवरच्या त्या पट्टीकडं पाहिलं.

‘बसा इथी खाली,’ ती म्हणाली. ‘पाचशे आहेत.’

मी उठून जाऊ शकत होतो. माणूस मोठा आहे मी, माझ्या नावावर तिकिटं खपतात. मी भैयाजींकडं पाहिलं. ते म्हणाले, ‘बस ना बाप्पा, श्रावन. गाड्या उभ्या आहेत.’ कॉमेडीवाल्याकडं पाहिलं, तो मोबाइलमध्ये बघू लागला. गुणवंतरावांकडं पाहिलं, त्यांनी चहाचा कप तोंडाला लावला. मिठाच्या गुळण्या. त्या दिवशी मीही धरलेल्या.

मी बसलो. त्यांच्या चपलांच्या मधोमध. फरशी थंड होती. हे तिनं मला कधी सांगितलं नव्हतं, आणि मी तरी कुठं विचारलं होतं. एक पट्टी घेतली, दुकानातल्या बाटलीतल्या गोंदात बोट बुडवलं, पट्टीवर फिरवलं आणि श्रावण बावणथडे या नावावर दाबली. वर भुवई उंचावलेला माझाच फोटो माझ्याकडं बघत होता.

‘थांबा,’ प्रेमिला म्हणाली. तिनं पिशवीतून एक डबी काढून माझ्यासमोर ठेवली. घरी शिजवलेली खळ होती, घट्ट, चिकट. ‘हे लावा. कडेपरेंत लावा. दव पडलं तरी सुटली नाई पाह्यजे.’ मग थोडं थांबून म्हणाली, ‘मी तवा बोट कोरडंच फिरवलं होतं.’

मी कडेपर्यंत लावली. दुसरी घेतली, तिसरी घेतली. ती तिथंच खुर्ची ओढून बसली, मांडीवर हात ठेवून, सकाळसारखी.

दहावी-बारावी पट्टी असेल. ती पुढं वाकली आणि अगदी साध्या आवाजात म्हणाली, ‘हासा ना जी आता, श्रावनभाऊ.’

दुकानातल्या सगळ्यांनी माझ्याकडं पाहिलं. मी तोंड उघडलं. बावीस हंगामांत जे मागितल्याबरोबर आलं, ते पोटातून निघालं आणि गळ्यापाशी अडकलं. खोकल्यासारखा काहीतरी आवाज झाला. कोणी हसलं नाही.

मी मान खाली घातली आणि पुढची पट्टी घेतली. अजून चारशे ऐंशीच्या वर बाकी होत्या.